लाइनवरची शुगर: ट्रकच्या केबिनमध्ये राहून मधुमेह आणि बीपी सांभाळायचं कसं

लासलगावात कांदा भरून कोलकात्याला गेलेली गाडी खाली झाल्यावर घराकडे वळतेच असं नाही. मिळेल ते भाडं घेऊन ती पाटण्याला जाते, तिथून गुवाहाटी, मग कदाचित थेट लुधियाना. ड्रायव्हर महिना-दीड महिन्यानं घरी येतो, चार दिवस राहतो आणि पुन्हा लाइनवर. अशा माणसाला गावचे डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि वर सांगतात, ‘महिन्यानं दाखवून जा, जेवण वेळेवर ठेवा, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा.’ तिन्ही सूचना बरोबर, आणि केबिनमध्ये तिन्ही निरुपयोगी.

रस्त्यात औषध मिळणार नाही ही भीती बहुतेकांना असते. प्रत्यक्षात मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, मिक्स इन्सुलिन या गोष्टी बहुतेक तालुक्याच्या गावी मिळतात. घोळ होतो तो दुसरीकडे. इन्सुलिन घेतलं आणि जेवण दोन तास लांबलं. औषध केबिनच्या उष्णतेत मेलं. किंवा परराज्यातल्या मेडिकलवाल्यानं नावात एका अक्षराचा फरक असलेली भलतीच गोळी दिली. या तिन्हींचा बंदोबस्त निघण्याआधी करता येतो, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी कमी शुगर, मग जास्त शुगर

घरी बसलेल्या माणसाची शुगर एखाद्या दिवशी ३०० झाली तरी तो दिवस निभावतो. स्टिअरिंगवर बसलेल्याची शुगर ५५ झाली तर पुढचं वळण निभावेलच असं नाही. त्यामुळे ड्रायव्हरच्या उपचारात पहिला प्रश्न ‘शुगर किती उतरते’ हा नसून ‘ही औषधं शुगर पाडतात का’ हा असायला हवा. डॉक्टरांना नुसतं ‘ड्रायव्हर आहे’ सांगून भागत नाही. रात्री गाडी चालते की दिवसा, एका वेळी किती तास, पहिलं जेवण किती वाजता आणि दुसरं कधी, बरोबर क्लीनर असतो का, हे सगळं सांगा. चिठ्ठी त्यावरून बदलू शकते.

मेटफॉर्मिन आणि ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या (सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन) एकट्या घेतल्या तर शुगर सहसा धोक्याइतकी पाडत नाहीत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन पाडतात. त्यातलं ग्लिबेनक्लामाइड जुनं आणि लांबट असर असलेलं. पडलेली शुगर वर आणली तरी काही तासांनी ती पुन्हा पाडतं. चिठ्ठीत ते दिसलं तर ‘बदलून मिळेल का’ एवढं विचाराच.

ग्लिमेपिराइडचा नियम सोपा: जेवण नाही तर ती गोळी नाही. टोलनाक्यावर तीन तास अडकलात, कंपनीच्या गेटवर नंबर लागला नाही, सकाळची गोळी राहिली, तर राहू द्या. रात्री दोन एकदम घेऊन हिशेब पूर्ण करायचा नाही.

मिक्स इन्सुलिन, म्हणजे ३०/७०, हे ह्यूमन प्रकारचं असेल तर जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असं पुस्तकात असतं. ढाब्यावर हा अर्धा तास कोणाच्या हातात नसतो. बसल्याबसल्या सुई मारली आणि तंदूर थंड निघाला की अर्ध्याचा सव्वा तास होतो. ढाब्यावर भाजी-रोटी टेबलावर आल्यावरच सुई, असं ठरवलेलं बरं. जेवणानंतरची शुगर थोडी चढेल. ती चढलेली चालेल, कसारा घाटात पडलेली चालणार नाही. जेवणाच्या तोंडावर घ्यायचे ॲनालॉग मिक्स, म्हणजे लवकर असर सुरू करणारे नव्या प्रकारचे मिक्स इन्सुलिन, मिळतात. महाग आहेत, पण या धंद्यात ते पैसे फुकट जात नाहीत.

ग्लारजिनसारखं दिवसातून एकदा घ्यायचं इन्सुलिन असेल तर वेळ घड्याळाला बांधा, झोपेला नको. एक आठवडा रात्रपाळी आणि एक आठवडा दिवसाची गाडी असेल तर ‘झोपायच्या आधी’ या शब्दांना काही अर्थ राहत नाही. संध्याकाळी ७ ही वेळ बरी. गाडी कुठेही असो, त्या सुमारास चहाला थांबणं होतंच. फोनवर गजर लावा.

किती आकड्याला गाडी काढायची? ब्रिटनमध्ये इन्सुलिनवरच्या चालकांना निघण्याआधी दोन तासांच्या आत आणि पुढे दर दोन तासांनी शुगर बघावी लागते. ९० च्या खाली असेल तर आधी काही खायचं, ७० च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही. हे आकडे आपल्याकडेही धरून चाला. दर दोन तासांची ग्लुकोमीटरची पट्टी खिशाला परवडत नसेल तर निदान इंजिन चालू करण्याआधी, रात्रीच्या लांब पल्ल्याआधी आणि घाट सुरू होण्याआधी बघाच. घाटात बाजूला घ्यायला जागा नसते. खंबाटकी असो की बोरघाट, जे काही खायचं-तपासायचं ते पायथ्याशी.

शुगर पडतेय हे कळतं कसं? गार हवेत घाम, हाताला कंप, पोटात खड्डा, जांभया, विनाकारण चिडचिड, गिअर चुकणं. क्लीनरला ही यादी पाठ पाहिजे, कारण शेवटची दोन लक्षणं ड्रायव्हरला स्वतःला कळत नाहीत. उलट ‘मी ठीक आहे’ असं तो जोरात सांगतो. बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांपैकी काही चालू असेल तर कंप आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो. अशा माणसानं घामालाच इशारा समजायचं.

मग करायचं काय, तर इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे, हँडब्रेक, इंजिन बंद, चावी क्लीनरच्या हातात. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण सपाट तीन-चार चमचे, अर्ध्या ग्लास पाण्यात घालून प्यायचं. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आल्यावर दोन पोळ्या किंवा बिस्किटं, नाहीतर तासाभरात परत पडते. आणि आकडा बरा दिसला तरी ४५ मिनिटं स्टिअरिंगला हात नाही. रक्तातली साखर आधी सावरते, डोकं नंतर. चॉकलेट किंवा पेढा यासाठी कामाचा नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ किंवा ११२ लावायचा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा चालतो. फोन लावताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, नुसतं ‘ढाब्याजवळ’ सांगितलं तर रुग्णवाहिका फिरत राहते.

इथे एक बारीक गोष्ट, जी चिठ्ठी देताना बहुतेक वेळा सांगायची राहते. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं एकाच गोळीत खूप लिहिली जातात. व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडणारं एन्झाइम रोखतं. म्हणजे या गोळीवर असताना शुगर पडली आणि घरातली साधी साखर, गूळ किंवा कोल्ड्रिंक दिलं तर ते लवकर चढत नाही. तिथे ग्लुकोजच लागतो, तोही बिनचवीचा साधा, कारण संत्र्या-लिंबाच्या चवीच्या पुड्यांत साखर मिसळलेली असू शकते. अकार्बोज असेल तरी हेच. साध्या ग्लुकोजची एक पुडी ड्रायव्हरच्या दारातल्या खणात आणि एक क्लीनरकडे. डाल्यात, ताडपत्रीखाली ठेवलेली पुडी वेळेला हाताशी नसते.

इन्सुलिन गार नको, फक्त गरम होऊ देऊ नका

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेली बाटली किंवा पेन मात्र ३० अंशांच्या खाली बाहेर ठेवली तरी साधारण चार आठवडे टिकते. नेमके दिवस ब्रँडप्रमाणे बदलतात, खोक्यातल्या कागदावर असतात. आता हिशेब करा. दिवसाला ३० युनिट लागत असतील तर ४०० युनिटांची बाटली १३ दिवसांत संपते. म्हणजे चार आठवड्यांची मुदत गाठायच्या आतच ती रिकामी होते. गाडीवर फ्रिज लागत नाही, लागते ती ३० च्या खालची जागा. हे कळल्यावर निम्मा ताण उतरतो. जास्तीच्या चार-चार बाटल्या घेऊन फिरायचं कारण नाही, एक वापरातली आणि एक राखीव. ती फोडली की पुढच्या शहरात नवी घ्यायची.

३० च्या खाली कसं ठेवायचं? रुंद तोंडाचा लिटरभराचा स्टीलचा थर्मास घ्या. त्यात माठातलं गार पाणी अर्ध्यापर्यंत भरा. बाटली झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि पाण्यात सोडा. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. बहुतेक ढाब्यांवर माठ असतोच. या पद्धतीत इन्सुलिन गोठण्याची शक्यताच नाही. बर्फ घातला की ती सुरू होते. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर वरून नेहमीसारखं दिसू शकतं, पण ते गेलेलं असतं. फेकून द्यायचं.

राखीव बाटलीसाठी जेल पॅक वापरणार असाल तर फ्रीजरमधून काढल्या काढल्या थर्मासमध्ये टाकू नका. बाहेर ठेवा, पृष्ठभागावर पाण्याचे थेंब धरू द्या, आतून हलवल्यावर पाणी जाणवू द्या, मग जाड कापडात गुंडाळून ठेवा. लसीकरणाच्या डब्यात नर्सबाई बर्फाचे पॅक असेच ‘कंडिशन’ करून भरतात, कारण तिथेही काही लसी गोठून वाया जातात.

स्फटिक भरलेल्या, पाण्यात भिजवून वापरायच्या पिशव्या ऑनलाइन मिळतात. दहा-पंधरा मिनिटं भिजवल्यावर फुगतात आणि बाष्पीभवनानं दोन दिवस गारवा देतात. मराठवाडा, विदर्भ, राजस्थानच्या कोरड्या उन्हाळ्यात झकास. जुलैत पनवेल ते गोवा मार्गावर मात्र उपयोग शून्य: हवाच ओली, पाणी उडणार कुठे? शिवाय बुरशी धरते. आणि ही पिशवी प्लास्टिकच्या डब्यात बंद करून ठेवणारे खूप भेटतात. बाष्पीभवन थांबवलं की ती नुसती ओली पिशवी राहते. तिला वारा लागला पाहिजे.

केबिनमध्ये जागा कुठली? डॅशबोर्ड, समोरच्या काचेवरचा कप्पा, इंजिनवरचं बोनेट आणि बाहेरचा टूलबॉक्स, या चारही जागा बाद. सीटमागच्या बर्थखाली, सावलीच्या बाजूला, इंजिनपासून लांब ठेवा. उन्हात बंद केबिन तासाभरात भट्टी होते, त्यामुळे खाली करायला गाडी लावून आपण झाडाखाली बसलो तर थर्मासही झाडाखाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. चालत्या गाडीत फरक पडतो, पण डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं की एसीही बंद. थर्मास ठेवाच.

उलटी अडचण काश्मीरकडच्या हिवाळ्यात. जम्मू-श्रीनगर रस्ता बर्फानं किंवा दरडीनं बंद झाला की गाड्या अडकून पडतात, आणि रात्री केबिनमध्ये उणे तापमान. तिथे पेन बनियनच्या खिशात ठेवून झोपायचं आणि औषधांचा साठा ठरल्यापेक्षा दुप्पट न्यायचा.

इन्सुलिन बिघडल्याचं लक्षण नेहमी डोळ्याला दिसत नाही. पारदर्शक प्रकार (रेग्युलर, ग्लारजिन) गढूळ झाला, किंवा दुधाळ मिक्समध्ये हलवूनही गुठळ्या राहिल्या, बाटलीच्या काचेवर आतून पांढरी खर धरली, तर सरळ टाका. पण बऱ्याचदा काहीच दिसत नाही आणि शुगर मात्र दोन-तीन दिवस २५०-३०० राहते. अशा वेळी पहिला संशय बाटलीवर घ्यायचा. इथे जी चूक होते ती घातक आहे: माणूस डोस वाढवतो. २० चे ३० करतो. मग बाटली संपते, नवी ताजी फोडली जाते आणि डोस ३० च राहतो. त्या रात्री शुगर पडते. खाणं तेच, गोळ्या त्याच, ताप नाही, तरी आकडा चढला तर आधी बाटली बदला. डोस बदलायचा असेल तर डॉक्टरांना फोन करून.

लाल टोपी, नारिंगी टोपी

भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटर असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनाच्या काडतुसात १०० युनिट प्रति मिलिलिटर असतं, त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपीची. रस्त्यात पेन मोडलं, काडतूस शाबूत आहे, म्हणून लाल टोपीच्या सिरिंजनं त्यातून २० ची खूण गाठली, तर अंगात ५० युनिट जातात. अडीचपट. उलटं केलं तर अडीचपट कमी. हा अपघात पेन मोडलेल्या रात्रीच होतो, त्यामुळे पेनवाल्यांनी नारिंगी टोपीच्या दोन सिरिंज चिठ्ठीबरोबर टेपनं चिकटवून ठेवाव्यात. काही बाटल्याही १०० ताकदीच्या येतात. टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा दरवेळी जुळवून बघा, मेडिकलच्या खिडकीवर उभे असतानाच.

मिक्स इन्सुलिन तळहातात दहा वेळा घोळवायचं, मग दहा वेळा वर-खाली करायचं. जोरात हलवलं की फेस होतो आणि डोस चुकतो. सुई पेनवर लावून ठेवू नका. उष्णतेत इन्सुलिन गळतं, थंडीत हवा आत जाते, आणि पुढचा डोस कमी भरतो. वापरलेल्या सुया फिनेलच्या जाड बाटलीत टाका, ती भरली की झाकण घट्ट लावून कुठल्याही सरकारी दवाखान्यात द्या. ढाब्याच्या कचऱ्यात टाकलेली सुई ढाब्यावरच्या पोराच्या हातात घुसते.

इन्सुलिन विकत घेताना मेडिकलवाला ते फ्रिजमधून काढतोय का ते बघा. हातात घेतल्यावर बाटली गार लागली पाहिजे. फळीवरून काढून दिली तर घेऊ नका, दुसरं दुकान बघा. ढाब्याच्या फ्रिजमध्ये मात्र ठेवायला देऊ नका. तो बहुधा डीप फ्रीझर असतो, आणि पहाटे चारला निघताना तुमची बाटली तिथेच राहते.

गोळीच्या नावाची शेपूट

आपल्याकडच्या ब्रँडनावांपुढची अक्षरं वाचायला शिका. ‘एम’ म्हणजे बहुधा मेटफॉर्मिन, ‘व्ही’ म्हणजे व्होग्लिबोज, आकडा म्हणजे ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम. त्यामुळे ‘एम १’ आणि ‘एम २’ यांत शुगर पाडणारं औषध दुप्पट असतं, आणि ‘एम २’ आणि ‘एमव्ही २’ यांत एक अख्खं औषध जास्तीचं. बीपीच्या गोळीत ‘एएम’ म्हणजे ॲम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. तुमचा ब्रँड आसामात मिळणार नाही, हे गृहीत धरा. मेडिकलवर ब्रँड सांगू नका, मूळ औषध आणि मिलिग्रॅम सांगा: ‘ग्लिमेपिराइड एक, मेटफॉर्मिन पाचशे, एसआर’. एसआर म्हणजे सावकाश विरघळणारी, ती अर्धी तोडायची किंवा चावायची नसते.

जनऔषधी केंद्रात औषधं मूळ नावानंच मिळतात आणि बरीच स्वस्त पडतात. जवळचं केंद्र ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर सापडतं. ही केंद्रं रात्री उघडी नसतात आणि सहसा गावात असतात, हायवेवर नाही. गाडी उभी राहील त्या दिवशीच ते काम उरका.

गोळ्यांचा साठा किती? ठरलेल्या फेरीचे दिवस अधिक पंधरा. दोन भागांत: अर्धा केबिनमध्ये, अर्धा अंगावरच्या बॅगेत, कारण केबिनमधून बॅग चोरीला जाते. वारांच्या कप्प्यांची प्लास्टिकची डबी सोयीची वाटते, पण बीपीच्या टेल्मिसार्टन गोळीला हवेतला दमटपणा सोसत नाही. ती गोळी घ्यायच्या क्षणी पाकिटातून काढायची. सोपा उपाय म्हणजे पाकिटावरच मार्करनं वार लिहून टाकायचे.

ॲम्लोडिपिनचा असर लांब टिकतो, दोन-चार तास इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही. मात्र त्यानं घोटे सुजतात, आणि दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्याचे जास्तच. सूज आली म्हणून गोळी स्वतःहून बंद करणारे बरेच आहेत. बंद करू नका, बदलून घ्या. क्लोनिडिन चालू असेल तर ते अचानक सोडल्यावर बीपी उसळी मारतं, त्याचा साठा कधीही संपू देऊ नका. लघवी वाढवणारी गोळी रात्रभर गाडी चालवणाऱ्यानं संध्याकाळी घेतली तर रात्रीत चारदा थांबावं लागतं, म्हणून मग ती टाळली जाते. वेळ बदलून मागा.

डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय-किडनीला चांगली, पण लघवी वाढते, आणि आंघोळ दोन दिवसांनी मिळत असेल तर जांघेत आणि लिंगाच्या टोकाला बुरशीची खाज हमखास. रोज साध्या पाण्यानं धुवून कोरडं करणं एवढं जमत असेल तरच हे औषध गाडीवर चालेल. खाज लपवून ठेवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा.

आणि कंबरदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक ढाब्याच्या टपरीवरही मिळतात. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वरून ही वेदनाशामक, हे तिन्ही एकत्र, त्यात उन्हाळा आणि पाणी कमी, म्हणजे किडनीवर सरळ घाव. पॅरासिटामॉलवर भागवा. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन असेल तर झोप येते, ती घेऊन गाडी चालवायची नाही.

जुलाब-उलट्या लागल्या तर काय बंद ठेवायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिनचा गट, टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळ्या साधारणपणे तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवायला सांगतात. टाइप १ मधुमेह (शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही तो) असेल तर इन्सुलिन मात्र जेवण नसलं तरी पूर्ण बंद करायचं नाही. ओआरएस मधुमेह असला तरी चालतं, फक्त लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच. डॅपाग्लिफ्लोझिनवर असताना सतत मळमळ, पोटात दुखणं, धाप असं झालं तर शुगर १८० दिसली तरी दवाखाना गाठा. त्या औषधावर रक्तात आम्ल (कीटोन) वाढण्याचा त्रास साधारण शुगरवरही होतो, ही पोटातली ॲसिडिटी नव्हे.

तपासण्या, कागद, डॉक्टर

ग्लुकोमीटरची पट्टी उष्णता आणि दमटपणा दोन्हीनं बिघडते. डबीचं झाकण लगेच लावायचं, पट्ट्या दुसऱ्या डबीत काढायच्या नाहीत. मशीन फार तापलं की आकड्याऐवजी तापमानाची चूक दाखवतं. सावलीत पंधरा मिनिटं ठेवून पुन्हा बघा. द्राक्षं किंवा गुळाची गाडी भरल्यावर हात न धुता बोट टोचलं तर आकडा खोटा चढतो. सॅनिटायझर नको, पाण्यानं धुवा, कोरडं करा. बीपी मोजताना इंजिन बंद पाहिजे, थरथर मशीनला चकवते. चहा-विडीनंतर अर्धा तास, बसून पाच मिनिटं, मग एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी, दर तीन महिन्यांनी. त्याला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे कुठल्याही शहरात दुपारीही रक्त देता येतं. शक्यतो देशभर शाखा असलेल्या एकाच लॅबकडे द्या, म्हणजे आकड्यांची तुलना होते आणि रिपोर्ट फोनवर येतो.

तोच रिपोर्ट गावच्या डॉक्टरांना पाठवून फोनवर सल्ला घेता येतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष भेट झाली असेल तर तो पाठपुरावा धरतात, आणि चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टर फोनवर पाठवू शकतात. म्हणून सहा महिन्यांतून एकदा समोर बसून तपासून घ्या. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा, परराज्यातला मेडिकलवाला तेच आधी शोधतो. सरकारी ई-संजीवनीवरही मोफत सल्ला आणि चिठ्ठी मिळते. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जुन्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, शुगर-बीपीची तपासणी मोफत असते. आयुष्मान कार्ड योजनेतल्या रुग्णालयात परराज्यातही चालतं, पण ते भरती झाल्यावर. महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

१४ आकडी आभा क्रमांक (सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) काढून ठेवा, मोठ्या सरकारी रुग्णालयात क्यूआर स्कॅन करून केसपेपरची रांग वाचते. पण आभा काढलं म्हणजे कागद आपोआप त्यात गेले असं नाही. गावच्या डॉक्टरांची हातानं लिहिलेली चिठ्ठी तिथे दिसत नाही. तिचा फोटो फोनमध्ये, आणि फोन हरवला तर म्हणून घरच्यांच्या आणि क्लीनरच्या फोनमध्येही. शिवाय एक लॅमिनेट केलेलं कार्ड ड्रायव्हरच्या सीटसमोर: नाव, आजार, औषधं मिलिग्रॅमसह, कशाची ॲलर्जी, घरचा नंबर. ते हिंदी आणि इंग्रजीत असू द्या. नागपूरच्या पुढे मराठी कार्ड कुणी वाचणार नाही.

पाय रोज बघायचे. जुन्या गाडीत इंजिनच्या बाजूच्या पायाला पत्र्याची धग लागते. नसा बधिर झालेल्याला चटका कळत नाही, फोड दिसतो तो तिसऱ्या दिवशी. तळव्याचा फोटो फोननं काढला की वाकावं लागत नाही. अनवाणी किंवा नुसत्या स्लीपरवर गाडी चालवू नका, बंद बूट आणि सुती मोजे घाला. पेडलवर पाय नीट जाणवत नसेल तर तो गाडीचा दोष नाही, नसांचा आहे, आणि त्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं पुढच्या फेरीवर ढकलायचं नाही.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचा, त्याच वेळी किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. पडद्याच्या तपासणीत बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, पुढचे बरेच तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं. त्या दिवशी गाडी चालवता येत नाही. गाडी पासिंगला किंवा सर्व्हिसिंगला लागलेली असेल त्या दिवसाची वेळ घ्या, मालकाला वेगळी सुट्टी मागावी लागत नाही. मालवाहू परवान्याचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्याला फॉर्म १-ए चं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. पडद्यावर काही सापडलं असेल तर लेझर किंवा इंजेक्शन त्या तारखेच्या बरंच आधी उरकून घ्या, कारण उपचार चालू असताना नजर काही आठवडे वर-खाली होते.